आज मासा नाही

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या स्टेशन रोडवरच्या त्या हॉटेलात लोक वाढदिवस साजरा करायला नटूनथटून यायचे आणि आत शिरले की परीक्षेला बसल्यासारखे गप्प व्हायचे. कारण स्वयंपाकघराच्या दारात मालक उभे असायचे. ठेंगणे, रुंद खांद्याचे, बनियनवर निळा एप्रन, हातात ओलं फडकं. मोठ्या गोल टेबलावर वाफेवर शिजवलेला अख्खा मासा आला की ते स्वतः कढल्यातलं कडकडीत तेल त्यावर ओतायचे. आलं आणि कांद्याची पात चर्र करून उठायची. मग ते तिथंच थांबायचे. कुणीतरी पहिला घास तोंडात घालेपर्यंत हलायचे नाहीत. तेवढ्यात कुणी मोबाइल काढला, की ताट उचलून आत चालू लागायचे.

"अण्णा, एक फोटू तरी घेऊ द्या की."

"मग फोटोच खावा. मासा गार व्हायलाय."

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. आजोबा चीनमधल्या कॅंटनकडून कलकत्त्याला आलेले, वडिलांनी हैदराबादेत हॉटेल काढलेलं, आणि यांचा जन्म हैदराबादचाच. चेहरा तेवढा लांबचा. बोलणं आमच्यासारखं, मराठीत कन्नड आणि कन्नडात दखनी. चिनी अप्पा, चिनी अप्पा म्हणता म्हणता लोकांनी त्यांचं चिन्नप्पा करून टाकलं. कन्नडात चिन्न म्हणजे सोनं, त्यामुळं हे नाव त्यांना आवडायचं. कुणाला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं असलं की तो त्यातला एक 'न' गाळायचा. तेही त्यांना बरोबर ऐकू यायचं.

ते इथं आले बायकोमुळं. ती औराद तालुक्यातली, हैदराबादला नर्सिंग शिकायला गेलेली. तिला कमलनगरच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली आणि हे भावांशी भांडून, वडिलांची एक कढई आणि हॉटेलचा जुना बोर्ड घेऊन तिच्यामागं आले. ज्वारी-तुरीच्या मुलखात समुद्राचा मासा कोण खाणार, म्हणून लोक हसले. पण हैदराबादच्या गाडीनं बर्फातली खोकी उतरायला लागली, धरणावरची जिवंत मरळ काचेच्या टाक्यात पोहायला लागली, आणि हळूहळू असं झालं की बारसं असो, नोकरी लागलेली असो, ग्रामपंचायत जिंकलेली असो, खाणाऱ्या घरातल्या माणसाला चिन्नप्पांच्या गोल टेबलावर बसल्याशिवाय ते कार्य झाल्यासारखं वाटेना.

मी त्यांच्याकडं गेले ती खाण्यासाठी नव्हे. मी मूळची मुडबीची. आमच्या लिंगायत घरात सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. कमलनगरला स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. कुणीतरी म्हणालं, हॉटेलाच्या वर खोली आहे, विचारून बघा.

चिन्नप्पांनी दार उघडलं, माझ्या गळ्याकडं बघितलं.

"शरण लोक?"

"व्हय."

"मग हितं नक्को." दार बंद.

मी हॉटेलाच्या दोन पायऱ्या उतरले असेन, दार परत उघडलं.

"काम काय करतीस म्हणलीस?"

"नर्स हाय. दवाखान्यात."

त्यांनी दार अजून थोडं उघडलं. त्यांची बायको त्याच दवाखान्यात नोकरी करता करता गेली होती, हे मला नंतर कळलं. "पुढच्या आठवड्यात ये," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गेले तर इमारतीच्या बाहेरून एक नवा लोखंडी जिना थेट वरच्या खोलीपर्यंत चढलेला. वेल्डिंगचा वास अजून येत होता. नळही वेगळा घेतलेला. चिन्नप्पा खाली उभे राहून ओरडून सांगत होते, "आतून यायचं न्हाई. आत मासा हाय. तुझा देव वर, माझा धंदा खाली, मधी जिना." एकदा जोराचा वारा सुटला म्हणून मी हॉटेलातल्या आतल्या जिन्यानं वर जायला निघाले, तर त्यांनी भर गिऱ्हाइकांसमोर मला परत बाहेर पाठवलं. वर बल्ब बदलायला यायचं असलं तरी आधी अंघोळ करून यायचे, आणि बल्ब बदलून होईपर्यंत माझ्या चपला उंबऱ्यात आडव्या पडतात म्हणून भांडायचे. त्यांचं चांगलं वागणं आणि भांडणं वेगळं काढता यायचं नाही.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. ते फक्त कधी आले नाहीत. भाऊ ज्वारीचं पोतं घेऊन यायचा आणि बसस्टँडवरूनच परत जायचा.

खिडकीतून मला हॉटेलाचं अंगण आणि दार दिसायचं, आवाज तर सगळेच यायचे. टेबलाचा वरचा भाग गोल फिरायचा. बैलगाडीच्या आसावर तो बसवून घेतला होता गावातल्या सुताराकडून. पोरांना तो गरागरा फिरवायचा असे आणि चिन्नप्पांचा हात फटकन टेबलावर पडायचा. फिरवायचा तर उजवीकडं, सावकाश, आणि आधी थोरल्या माणसाकडं. माशाचं तोंडही त्याच्याकडंच. एक बाजू खाऊन झाली की मासा उलटायचा नाही. मधला काटा उचलून खालची बाजू खायची.

"उलटला तर काय हुतंय?" एकानं विचारलं होतं.

"नाव उलटती. बाप म्हणायचा."

"हितं कुठली नाव, अण्णा? मांजरा नदीत बी पाणी न्हाई."

"नाव न्हाई. संसार हाय न्हवं?"

गोबी मंचुरी मागणाऱ्याला ते रस्त्यापलीकडचा गाडा दाखवायचे. "ते चीनला ठाऊक न्हाई. मला बी न्हाई." पण त्यांचा सगळ्यात कडक नियम भांडणाचा होता. टेबलावर भांडण असलं तर मासा द्यायचा नाही. एकदा एका शेतकऱ्याची साठी होती. त्याची दोन पोरं समोरासमोर बसून बांधावरून एकमेकांना टोचून बोलत होती. चिन्नप्पा मासा घेऊन आले आणि ताट हातात धरून उभे राहिले. तेल गार झालं. म्हातारा खाली मान घालून बसला. थोरला पोरगा शेवटी चिडून म्हणाला, "ठिवा की खाली!"

"भांडण हुंदे. मग."

"आमचं आमी बघून घेताव."

"बघा. पर काट्याचा मासा हाय. तोंड एकीकडं आन ध्यान एकीकडं असलं की गळ्यात बसतोय. मग ही वर राहती ती सिस्टर काढणार, का तू?"

दोघं गप्प झाले, राग गेला म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. चिन्नप्पांना तेवढं पुरेसं होतं. गार झालेला मासा आत नेऊन त्यांनी दुसरा आणला.

मग ते वाईट वर्ष आलं. कोरोनानं हॉटेल बंद, फक्त पार्सल चालू. त्यात चीनच्या सीमेवर आपले जवान गेल्याची बातमी आली. एका दुपारी मी ड्यूटीवरून येऊन जिना चढत होते, तर खाली सात-आठ माणसं शिडी घेऊन आलेली. यातले बहुतेक या टेबलावर जेवून गेलेले होते. त्यातला एक पुढं झाला आणि म्हणाला, "बोर्ड उतरवा."

चिन्नप्पा आत मासा कापत होते. तसेच बाहेर आले, हातात सुरा. माणसं एकदम मागं सरकली. कुणीतरी दगड उचलला. मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. चिन्नप्पांनी त्या लोकांकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

"कामून?" त्यांनी विचारलं.

"कामून म्हंजे? बातम्या बघत न्हाईस?"

"बघतो की."

"मग? चिनी अक्षरं हायत त्याच्यावर. काय लिवलंय ते?"

"ठाऊक न्हाई."

"खोटं बोलू नकोस."

"बापानं लिवलं. मला वाचता येत न्हाई." ते शांतपणे म्हणाले. "मला मराठी येतंय, कन्नड येतंय, उर्दू येतंय. तेवढं येत न्हाई."

दगड घेतलेल्या माणसाला तो कुठं टाकावा कळेना. चिन्नप्पांनी त्यांचीच शिडी घेतली, भिंतीला लावली, आणि स्वतः चढून बोर्ड काढला. स्क्रू गंजले होते, वेळ लागला. खाली सगळे वर बघत उभे. एकानं शिडी डगमगू नये म्हणून धरली सुद्धा. बोर्ड छातीशी धरून चिन्नप्पा आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढं बरेच दिवस खालून काही आवाज आला नाही. मी भाकरी-भाजी दारात ठेवायची. ताट रिकामं होऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर यायचं. बोर्ड त्यांनी परत कधी लावला नाही. हॉटेल उघडल्यावर त्या दिवशीच्या माणसांतला एकजण मुलीच्या वाढदिवसाला आला. चिन्नप्पांनी मासा दिला, तेल ओतलं, उभे राहिले. पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसानं सगळा मासा खाली मान घालून खाल्ला.

दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एकांशी माझं जमलं. आता ते माझे यजमान आहेत, म्हणून मी त्यांना 'हे' म्हणते. यांचं गाव मांजराकाठचं. वडील लहानपणीच गेलेले. काकांनी वाढवलं, शिकवलं. काका धरणावरच्या मासेमारीचे ठेकेदार. चिन्नप्पांच्या टाक्यातली मरळ त्यांचीच असायची, कितीतरी वर्षांपासून.

मी अप्पांना सांगितलं. ते तीन महिने माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "लग्नाला न्हाई म्हणत न्हाई. पर जिथं मासा शिजतोय तिथं मी पाणी पिणार न्हाई."

तिकडं काकांचं ठरलेलं होतं. "साखरपुडा चिन्नप्पाकडंच. आमच्यातलं एक बी कार्य त्याच्या मासळीबिगर झालेलं न्हाई."

दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी घट्ट उभी, आणि मधे मी. शेवटी मी बाहेरच्या बाजूनं हॉटेलाच्या दाराशी गेले आणि चिन्नप्पांना सगळं सांगून टाकलं. साखरपुडा दुसरीकडं करते म्हणाले. ते लसूण सोलत होते. वर न बघता म्हणाले, "तारीख सांग."

"आन मासा?"

"ते माझं काम हाय. तू साडी बघ."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी काकांनी स्वतः निवडून मोठमोठ्या मरळी पाठवल्या. मी वरून बघितल्या आणि खिडकी लावून घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर हॉटेलातली सगळी भांडी अंगणात. दोन बायका चिंच आणि राख लावून ती घासत होत्या. चिन्नप्पा गरम पाण्यानं फरशी धूत होते. खाली जाऊन दारातून बघितलं तर काचेचं टाकं कोरडं, त्यावर स्वच्छ पंचा घातलेला. दारावर पुठ्ठ्याचा तुकडा टांगलेला, त्यावर कोळशानं मराठीत आणि कन्नडात लिहिलेलं: आज मासा नाही.

दुपारी अप्पा आले. भाऊ आणि दोन भावकीची माणसं बरोबर होती. जीप रस्त्यापलीकडं लिंबाखाली थांबली आणि अप्पा तिथंच उभे राहिले. रस्ता ओलांडेनात. दहा पावलांचा रस्ता.

मग काका आले, टेम्पो भरून माणसं घेऊन. त्यांनी पुठ्ठा वाचला आणि हसले. गंमत वाटली त्यांना. आत जाऊन टाक्यावरचा पंचा उचलला आणि त्यांचं हसू गेलं.

"मरळ कुठाय?"

"सोडली," चिन्नप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा घातला होता.

"सोडली म्हंजे?"

"नदीत. सकाळी."

"माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला मी माझ्या हातानं निवडलेली मरळ नदीत सोडलीस? कामून?"

"पोरीचा बाप आलाय."

"आलाय तर त्येला वरण-भात वाढ. आमाला मासा वाढ. दोन चुली हायत की तुझ्याकडं."

"चुली दोन हायत. घर एक हाय."

काका पुढं झाले. हॉटेलात आता पन्नास माणसं असतील. "तू कुणाचा रं? आमचा का त्येंचा?"

"मी हॉटेलवाला हाय."

"मग ऐक हॉटेलवाल्या. सगळं गाव ऐकायलंय. आज मासा लागला न्हाई, तर उद्यापासून धरणावरची एक शेपटी बी तुझ्या दारात येणार न्हाई."

चिन्नप्पांनी हातातलं ओलं फडकं एवढं आवळलं होतं की त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांचं सगळं दुकान त्या मरळीवर चालायचं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"उद्या ये," ते म्हणाले. "उद्या तुझ्यासाठी पाहिजे तो करतो. आज न्हाई."

काकांनी टेबलाला जोरात हात मारला. वरचा भाग गरकन फिरला आणि वाट्या भिंतीपर्यंत उडाल्या. "चला रे," म्हणून ते बाहेर पडले. त्यांच्यामागं अर्धी माणसं. हे मधेच अडकले. ज्यांनी यांना वाढवलं ते टेम्पोत चढत होते आणि मी आत उभी होते. यांनी दाराकडं दोन पावलं टाकली.

तेव्हा माझ्या सासूबाई बोलल्या. त्या एका कडेला खुर्चीवर बसल्या होत्या, आतापर्यंत त्यांच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

"मला भूक लागल्या," त्या म्हणाल्या. "मी बसायलेव. ज्येला जायचं त्येनं जावं." मग यांच्याकडं बघून, "तू बस. काकाचं मी बघते."

हे बसले.

मी बाहेर बघितलं. अप्पांनी सगळं ऐकलं होतं. दारं-खिडक्या उघड्याच होत्या. ते खाली बघत रस्ता ओलांडून आले, उंबऱ्यात थांबले, चपला काढल्या. चिन्नप्पांच्या समोर उभे राहिले. दोघांची उंची सारखीच होती.

"हात कुठं धुवायचे?" अप्पांनी विचारलं.

खरं सांगते, त्या दिवशीचं जेवण काही चांगलं झालं नव्हतं. माशाशिवाय चिन्नप्पांच्या हाताला काही सुचत नसावं. वरण पाणचट, भाजीत आलंच आलं. अप्पा घास गिळून म्हणाले, "मीठ कमी हाय." त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवणारा माणूस तिथं टिकायचा नाही. चिन्नप्पा आत गेले, मिठाची वाटी आणून अप्पांच्या पानाशेजारी ठेवली, आणि पहिल्यांदाच कुणाच्या डोक्यावर उभे न राहता निघून गेले.

काकांनी शब्द पाळला. मरळ बंद झाली. टाकं कोरडंच राहिलं. मग त्यात कांदे-बटाटे ठेवायला लागले. हैदराबादची खोकी आली तर मासा, गाडी चुकली तर दार बंद. मोठी कार्यं दुसरीकडं जायला लागली. रविवारीही गोल टेबल अर्धंच भरायचं. मी म्हणाले, काकांकडं जाऊन माफी मागते. त्यांनी मला झापलं.

"माफी कशाची? त्यानं बी बरोबर केलं, मी बी बरोबर केलं. दोघं बरोबर असले की असंच हुतंय. जा, चपला नीट ठेव."

आमचं लग्न झालं, तरी आम्ही वरच्या खोलीतच राहिलो. काका लग्नाला आले, अक्षता टाकल्या, चिन्नप्पा ज्या बाजूला उभे होते त्या बाजूला बघितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात, सकाळीच, चिन्नप्पा चुलीपुढं कोसळले. हे आणि शेजारचे लोक त्यांना दवाखान्यात घेऊन आले, मी ड्यूटीवर होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. बिदरला न्यायची गाडी मागवली, पण आता उपयोग नाही हे चिन्नप्पांना कळलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून भट्टीसारखा गरम होता.

"सिस्टर. हैदराबादला नक्को पाठवू."

"न्हाई पाठवत. बोलू नका."

"जाळू बी नक्को. सगळा जन्म आगीपुढं गेलाय."

गाडी यायच्या आत ते गेले.

मग प्रश्न उभा राहिला, त्यांना ठेवायचं कुठं. ज्या ज्या समाजाची दफनभूमी होती तिथं आम्ही विचारून बघितलं. कुणी वाईट बोललं नाही. पण ते नेमके कुणाचे, हे कुणालाच सांगता येईना, आणि प्रत्येकाकडं नाही म्हणायला एक कारण होतं. हैदराबादचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, त्याची मुलं परदेशात. दवाखान्यात शव ठेवायला थंड खोली नव्हती. बाहेर ऊन असं की पत्रे वाजत होते. दुपार सरत चालली आणि आम्ही अजून फोनच करत होतो.

तेवढ्यात आवारात टेम्पो शिरला. काका उतरले. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मागं बर्फाच्या लाद्या, भुश्यात गुंडाळलेल्या. काही न बोलता त्यांनी आपल्या माणसांना लावून लाद्या आत आणल्या, चिन्नप्पांच्या दोन्ही बाजूंनी रचल्या, आणि त्यांच्या उशाला जमिनीवर बसून राहिले. बर्फ वितळून त्यांचं धोतर भिजत होतं, ते उठले नाहीत.

मी अप्पांना फोन केला तो फक्त कळवायला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं.

"जागा मिळाली का?"

"न्हाई, अप्पा."

"मग हिकडं आणा. आपल्यात बी पुरतात की."

मुडबीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. काका सगळी वाट टेम्पोत बर्फाजवळ बसून आले. आमच्या रानात वरच्या बांधाला अप्पांनी खड्डा खणायला लावला होता, पण तिथं भावकीची पाच-सहा माणसंही जमली होती. एक चुलता अप्पांपुढं आडवा उभा राहिला.

"मासे कापणारा माणूस. ना जात ठाऊक, ना धर्म. आन आपल्या रानात? उद्या देवाला काय सांगणार?"

"जे झालं तेच सांगीन," अप्पा म्हणाले. "त्येनं माझ्यासाठी एक दिवस आपली चूल इझवली व्हती. तुमी कुणी इझवली का कुणासाठी?"

"गाव नाव ठिवील."

"ठिवू दे. रान माझं हाय."

चुलता तिथंच उभा राहिला. मग काका टेम्पोतून उतरून अप्पांच्या शेजारी येऊन उभे राहिले. एकमेकांशी कधी धड बोलले नव्हते ते दोघं. चुलत्यानं दोघांकडं बघितलं आणि बाजूला झाला. पण माती द्यायला थांबला नाही, निघून गेला.

खणणाऱ्यानं विचारलं, "बसवायचं का निजवायचं?"

आमच्यात बसवतात. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "त्येंच्यात कसं असतंय?"

मला माहीत नव्हतं. तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी हैदराबादच्या भावाला फोन लावला. म्हातारा आवाज, श्वास लागलेला. मी प्रश्न विचारला.

"लिटा देव, बेटी," ते म्हणाले. "सिर ऊंची बाजू को." आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

अप्पा सत्तरीच्या पुढचे. कुणाचं न ऐकता ते स्वतः खड्ड्यात उतरले, हातानं ढेकळं बाजूला केली, उशाकडची माती थापून उंच केली. काका आणि यांनी वरून चिन्नप्पांना खाली दिलं, अप्पांनी त्यांना दोन्ही हातांवर घेतलं.

ती जागा आता कळतही नाही. दगड लावलेला नाही, नाव नाही, पावसानं माती बसली आणि वर हराळी आली. पण दरवर्षी पेरणीच्या आधी ट्रॅक्टर वरच्या बांधाला पोचला की अप्पा स्वतः तिथं जाऊन उभे राहतात आणि हातानं वळसा दाखवतात. ट्रॅक्टरवाला कुरकुरतो, तेवढ्या तुकड्यासाठी नांगराचं तास वाकडं होतंय म्हणतो.

"हुंदे वाकडं," अप्पा म्हणतात. "वळव."